गोठ्याचे छप्पर आणि दोन सूक्ष्म शत्रू
खनिज तंतू व विषाणू ह्यांच्या संगतीने जनावरांत उद्भवणारा कर्करोग

पाटण तालुक्यात मृग नक्षत्र जवळ आले की छपरांच्या दुरुस्तीची घाई सुरू होते. कोयना आणि केरा ह्या नद्यांच्या संगमावर वसलेल्या पाटण गावापासून पश्चिमेस हेळवाक, कोयनानगर असे जावे तसतसे पावसाचे मान वाढत जाते. घाटमाथ्याजवळच्या गावांतून वर्षाकाठी चार ते पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. अशा मुलखात गवताचे छप्पर दरवर्षी शाकारावे लागते. त्यामुळे अनेक शेतकऱ्यांनी गोठ्यावर सिमेंटचे पन्हाळी पत्रे घातले आहेत. पत्रा फुटला की तो उतरवून त्याचे तुकडे वाटेवर टाकावयाचे, नवा पत्रा करवतीने कापावयाचा, छिद्रे पाडून आकड्यांनी बसवावयाचा, हे काम घरच्या घरीच उरकले जाते. गुरे त्या वेळी दावणीलाच असतात आणि पांढुरकी धूळ गव्हाणीतील वैरणीवर बसते.

ही धूळ साध्या मातीची नव्हे. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत, वजनाच्या मानाने सुमारे एक दशांश इतका, अॅस्बेस्टॉस ह्या खनिजाचा तंतू मिसळलेला असतो. हा तंतू जनावरांच्या व मनुष्याच्या शरीरात काय करतो आणि कर्करोगकारक विषाणूशी त्याची गाठ पडली असता काय घडते, ह्याचा अभ्यास शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे केला आहे. त्यातून निघालेला बोध गोठ्यात वावरणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचा आहे.

खनिज तंतू म्हणजे काय?

अॅस्बेस्टॉस हा दगडच होय. परंतु तो फुटताना त्याचे कण न होता कापसासारखे तंतू सुटतात. हे तंतू जळत नाहीत, कुजत नाहीत व ताण सहन करतात. म्हणूनच सिमेंटला बळकटी आणण्यासाठी त्यांचा उपयोग होत आला. पत्र्यांत वापरला जाणारा पांढरा अॅस्बेस्टॉस ‘क्रायसोटाइल’ ह्या नावाने ओळखला जातो. निळ्या अॅस्बेस्टॉसला ‘क्रोसिडोलाइट’ असे नाव असून तो अधिक घातक समजला जातो. तथापि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अॅस्बेस्टॉसचे सर्वच प्रकार मनुष्यास कर्करोगकारक म्हणून नोंदविले आहेत.

धोका तंतूच्या आकारात व टिकाऊपणात असतो. मनुष्याचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अमेरिकेतील स्टँटन ह्या संशोधकाने उंदरांवर प्रयोग करून १९८१ मध्ये दाखविले की, आठ मायक्रॉनपेक्षा लांब व पाव मायक्रॉनपेक्षा बारीक असे टिकाऊ तंतू सर्वांत अधिक कर्करोग निर्माण करतात. असा तंतू डोळ्यास दिसत नाही, श्वासाबरोबर फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातो आणि तेथेच राहतो. शरीरातील भक्षक पेशी त्यास गिळू पाहते. परंतु तंतू तिच्यापेक्षा लांब असल्यामुळे तो तिच्या पोटात मावत नाही. अर्धवट गिळलेल्या तंतूभोवती ती पेशी दाहकारक द्रव्ये ओतीत राहते व हा दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो. फुप्फुसावरील पातळ आवरणात ह्यातून जो कर्करोग होतो त्यास ‘मेसोथेलिओमा’ म्हणतात. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतात निळ्या अॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या आसमंतात वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३३ रोग्यांची नोंद १९६० मध्ये प्रसिद्ध केली. त्यांपैकी कित्येकांनी खाणीत कधी कामही केले नव्हते. ते केवळ त्या परिसरात राहिले होते.

विषाणूंमुळेही कर्करोग होतो

कर्करोग म्हटला की आपल्या शेतकऱ्याला बैलाच्या शिंगाचा कर्करोग आठवतो. बैल मान झटकू लागतो, शिंग एका बाजूस कलते, नाकपुडीतून रक्त येते. हे दृश्य जुन्या लोकांनी पाहिलेले आहे. परंतु जनावरांचे काही कर्करोग विषाणूंमुळे होतात, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. पेटन राऊस ह्यांनी १९११ मध्ये कोंबडीच्या गाठीतील रस अतिसूक्ष्म गाळणीतून गाळून दुसऱ्या कोंबडीस टोचला, तेव्हा तीतही तशीच गाठ उत्पन्न झाली. गाळलेल्या रसात पेशी नव्हती, जंतूही नव्हता. होता तो विषाणू. ह्या शोधाचे महत्त्व पटण्यास इतका काळ लागला की राऊस ह्यांना नोबेल पारितोषिक १९६६ मध्ये, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी मिळाले.

मेंढपाळांच्या दृष्टीने महत्त्वाचा असा आणखी एक रोग आहे. मेंढीच्या फुप्फुसाचा ‘यागझिक्टे’ नावाचा सांसर्गिक कर्करोग एका विषाणूमुळेच होतो. कळप हाकला असता रोगी मेंढीला धाप लागते व ती मागे पडते. तिचे मागचे पाय उचलून धरले असता नाकातून पातळ पाणी गळते.

दोघांची संगत

विषाणू एकटा पुष्कळदा मोठे नुकसान करीत नाही. वासरांच्या अंगावर येणारे चामखीळ हे त्याचे नित्याचे उदाहरण होय. काही महिन्यांत ते बहुधा आपोआप गळून पडतात. परंतु विषाणूच्या जोडीला दुसरे एखादे विघातक द्रव्य आले म्हणजे चित्र पालटते. राऊस व किड ह्यांनी १९३०च्या दशकात सशांच्या कातडीस डांबर चोपडले आणि नंतर चामखिळाचा विषाणू त्यांच्या रक्तात टोचला. जेथे डांबर लागले होते नेमक्या त्याच जागी लवकर व आक्रमक कर्करोग उद्भवले.

हाच प्रकार गुरांत निसर्गतः घडलेला आढळला तो स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात. तेथील गुरांच्या घशात व अन्ननलिकेत कर्करोगाचे प्रमाण असाधारण होते. ग्लासगो येथील पशुवैद्य विल्यम जॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये त्याचा उलगडा केला. ज्या रानात ब्रॅकन नावाचे नेचे माजले होते तेथील गुरे ते खात. ह्या नेच्यात पेशींस अपाय करणारी द्रव्ये असून त्याच्या सेवनाने जनावराची प्रतिकारशक्तीही खालावते. चांगल्या कुरणातील गुरांच्या घशात विषाणूमुळे उठलेले चामखीळ जिरून जात. नेचे खाणाऱ्या गुरांत तेच चामखीळ टिकून राहत व पुढे कर्करोगाचे रूप घेत. हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरांत गुरांना होणारा रक्तमूत्राचा जुनाट रोगही ह्याच नेच्याशी निगडित आहे. ह्या जातीचे नेचे सह्याद्रीच्या उंच माथ्यांवरही उगवते. तेव्हा वैरणीची टंचाई असता गुरांनी ते खाऊ नये अशी दक्षता डोंगरावरील गुराख्यांनी घ्यावी.

खनिज तंतू व विषाणू ह्यांचा संयोग अभ्यासला गेला तो हॅमस्टर ह्या उंदरासारख्या लहान प्राण्यात. त्यातील विषाणूचे नाव एस.व्ही.-४०. हा मूळचा माकडाचा विषाणू. १९६० मध्ये स्वीट व हिलमन ह्यांनी तो माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत शोधून काढला. हॅमस्टरला तो टोचला असता गाठी होतात हे त्याच सुमारास दिसून आले. त्यानंतर मिकेले कार्बोने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये असे दाखविले की, हा विषाणू हॅमस्टरच्या छातीच्या पोकळीत टोचला असता फुप्फुसावरणाचा कर्करोग, म्हणजे अॅस्बेस्टॉसमुळे होतो तोच मेसोथेलिओमा, उद्भवतो. पुढे २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात ह्याच गटाचा आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही हॅमस्टरांना केवळ निळा अॅस्बेस्टॉस, काहींना केवळ विषाणू व काहींना दोन्ही दिले गेले. ज्यांना दोन्ही मिळाले त्यांच्यात अॅस्बेस्टॉसची पुष्कळच कमी मात्रा कर्करोगास पुरेशी ठरली. जी मात्रा एकटी असता प्राणी बहुधा सोसून गेला असता, तीच मात्रा विषाणूच्या संगतीत घातक झाली.

ही संगत कशी घडते?

प्रत्येक पेशीत तिच्या वाढीस लगाम घालणारी काही प्रथिने असतात. त्यांपैकी पी-५३ ह्या नावाचे प्रथिन पहारेकऱ्याचे काम करते. पेशीच्या जनुकांस इजा झाली की ते पेशीचे विभाजन थांबवते. इजा दुरुस्त होण्याजोगी नसेल तर ती पेशी मरून जावी अशी व्यवस्था करते. एस.व्ही.-४० विषाणू पेशीत शिरला की त्याचे एक प्रथिन ह्या पहारेकऱ्यास जखडून टाकते.

इकडे अॅस्बेस्टॉसचा तंतू दुहेरी काम करतो. त्याच्यावरील लोहामुळे व भोवतालच्या दाहामुळे पेशींतील जनुकांस इजा होते. तसेच पेशी विभागत असताना लांब तंतू मध्ये आल्यामुळे गुणसूत्रांची वाटणी बिघडते. एरवी अशा जखमी पेशी मरून जातात, आणि पेशी मेली म्हणजे कर्करोगाचा प्रश्न तेथेच मिटतो. परंतु विषाणूग्रस्त पेशी मरत नाही. तिच्यात जगण्याची सूचना देणारी यंत्रणा चालू राहते व ती आपली जखमी जनुके घेऊन वाढत जाते. तंतू घाव घालतो आणि विषाणू घायाळ पेशीस मरू देत नाही, असे हे दोघांचे सहकार्य आहे. बांधाला घुशीने बीळ पाडावे आणि त्याच रात्री राखणदारही झोपी जावा, तसा हा प्रकार होय.

मनुष्याविषयी काय म्हणता येईल?

येथे सावधपणे बोलले पाहिजे. १९५५ ते १९६३ ह्या काळात माकडाच्या पेशींवर तयार केलेल्या पोलिओच्या लशींपैकी काहींत एस.व्ही.-४० हा विषाणू मिसळला गेला होता, हे खरे आहे. म्हणून मनुष्याच्या मेसोथेलिओमातही तो असावा अशी शंका पुढे आली व काही प्रयोगशाळांना तो आढळलाही. परंतु नंतरच्या तपासणीत असे दिसून आले की, ह्यांतील कित्येक निष्कर्ष प्रयोगशाळेतच मिसळलेल्या जनुकखंडांमुळे चुकीचे निघाले होते. तुर्कस्तानात, जेथे ह्या कर्करोगाचे प्रमाण जगात फार मोठे आहे तेथील रोग्यांत, हा विषाणू सहकारी असल्याचे आढळले नाही, असे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनेही हा विषाणू मनुष्यास कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत केलेला नाही. १९६३ नंतरच्या लशी ह्या विषाणूपासून मुक्त ठेवण्यात आल्या. तेव्हा लशीविषयी मनात किंतु बाळगण्याचे कारण नाही.

तथापि तुर्कस्तानचे उदाहरण दुसऱ्या बाजूनेही बोलके आहे. विषाणूची मदत नसतानाही एकटा खनिज तंतू माणसांचा घास घेऊ शकतो, असाच त्याचा अर्थ होतो.

सह्याद्रीचा खडक

तुर्कस्तानातील कापादोकिया भागात कराइन, तुझकोय ह्यांसारखी काही खेडी आहेत. तेथे घरे बांधण्यास वापरल्या जाणाऱ्या ज्वालामुखीच्या मऊ दगडात ‘एरिओनाइट’ नावाचे तंतुमय खनिज असते. १९७०च्या दशकात तेथील मेसोथेलिओमाचा उच्छाद उजेडात आला. उंदरांना एरिओनाइटची धूळ श्वासावाटे दिली असता २८ पैकी २७ उंदरांस मेसोथेलिओमा झाल्याची नोंद वॅग्नर ह्यांनी १९८५ मध्ये केली.

एरिओनाइट हे ‘झिओलाइट’ ह्या खनिजकुळातील आहे. पाटणच्या शेतकऱ्यास हे कुळ अपरिचित नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून झालेल्या आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक सापडतात. विहीर खणताना किंवा रस्त्यासाठी सुरुंग लावताना पांढऱ्या सुयांचे जे झुबके दिसतात ते बहुधा स्कोलेसाइट, मेसोलाइट ह्या जातींचे असतात. सुईच्या आकाराचा प्रत्येक स्फटिक एरिओनाइट नव्हे, व ते पाहून घाबरण्याचेही कारण नाही. परंतु खडक फोडताना उडणारी कोणतीही धूळ फुप्फुसास हितकर नसते. म्हणून छिद्रे घेताना पाणी मारावे व धुळीच्या दिशेस गुरे बांधू नयेत.

गुरे व गुरांचा धनी

शेळ्यामेंढ्या व कुत्री जे श्वसन करतात ते आपल्याच हवेतले. भूमध्य समुद्रातील कॉर्सिका बेटावर अॅस्बेस्टॉसयुक्त खडकाच्या परिसरात चरणाऱ्या शेळ्यांच्या फुप्फुसांत व फुप्फुसावरणात हे तंतू आढळले, अशी नोंद २००२ ची आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये मेसोथेलिओमा झालेल्या पाळीव कुत्र्यांचा अभ्यास झाला. तेव्हा त्यांच्यापैकी पुष्कळांचे मालक अॅस्बेस्टॉसशी संबंधित काम किंवा छंद करणारे होते असे दिसून आले. मालकाच्या कपड्यांवरची धूळ कुत्र्यापर्यंत पोहोचली होती.

आता एका साध्या हिशेबाकडे लक्ष द्यावे. मनुष्यात तंतू शरीरात गेल्यापासून मेसोथेलिओमा प्रकट होण्यास बहुधा वीस ते चाळीस किंवा त्याहूनही अधिक वर्षे लागतात. गाय किंवा बैल इतका काळ जगतच नाही. परंतु त्याच गोठ्यात रोज पहाटे शेण काढणारी स्त्री, धार काढणारा गडी आणि पत्रा कापताना शेजारी खेळणारे मूल, ही सर्व तितका काळ जगणारी आहेत. जनावरांवरील प्रयोगांनी दिलेली सूचना म्हणूनच प्रथम गोठ्यातील माणसांना उद्देशून आहे. ह्या रोगाचा दीर्घ काळ ध्यानात घेऊनच सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निर्णयात अॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी निदान ४० वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला. कारखान्यातील कामगारासाठी नोंदवही आहे. गोठ्यातील माणसासाठी तशी नोंद कोणीच ठेवीत नाही. म्हणून त्याने स्वतःच जपले पाहिजे.

गोठ्यात कोणती काळजी घ्यावी?

धड असलेला पत्रा छपरावर स्थिर असता त्यातून फारसे तंतू सुटत नाहीत. तो घाईने उतरवू नये. धोका आहे तो पत्रा कापणे, घासणे, फोडणे व जुना होऊन भुगा पडणे ह्यांत. त्यासाठी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. पत्र्यावर वाढलेले शेवाळे तारेच्या ब्रशाने किंवा खराट्याने कोरडे खरडू नये. पत्र्यावर चढूही नये; जुना पत्रा पायाखाली अचानक फुटून प्राणघातक अपघात होतात.

२. पत्रा उतरवावयाचा झाल्यास गुरे, वैरण व मुले प्रथम दूर न्यावीत. पत्रा पाण्याने चिंब भिजवावा, आकडे सोडवून तो अखंड खाली घ्यावा. वरून फेकू नये.

३. कापणे किंवा छिद्र पाडणे अटळ असेल तर हातकरवत व हातगिरमिट वापरावे आणि पाणी धरावे. विजेच्या चकतीने कोरडा पत्रा कधीही कापू नये. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवू शकत नाही. त्यासाठी बारीक धूळ रोखणारा योग्य मुखवटाच लागतो.

४. पडलेला भुगा झाडू नये. ओल्या फडक्याने टिपून ते फडके पिशवीत बांधावे. कामाचे कपडे न झटकता वेगळे भिजवून धुवावेत.

५. फुटक्या पत्र्यांचे तुकडे पाणंदीत, अंगणात किंवा गोठ्याच्या जमिनीत भर म्हणून घालू नयेत. बैलगाडीच्या चाकाखाली व गुरांच्या खुरांखाली त्यांचाच भुगा होतो. गव्हाण किंवा कोंबड्यांचे खुराडे करण्यासाठीही ते वापरू नयेत. ओले तुकडे जाड प्लास्टिकात गुंडाळून ठेवावेत आणि ग्रामपंचायतीमार्फत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकृत घातक कचरा केंद्राकडे पाठविण्याची व्यवस्था करावी.

६. नवा गोठा बांधताना अॅस्बेस्टॉसविरहित पत्रा मागून घ्यावा किंवा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पन्हाळी पत्रा पसंत करावा. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात दगडमातीची घरे मोठ्या संख्येने कोसळली हे ह्या तालुक्याने अनुभवले आहे. त्यामुळे छप्पर हलके व वाश्यांना घट्ट बांधलेले असणे येथे दुहेरी हिताचे ठरते. लोखंडी पत्रा उन्हात तापतो. त्यावर चुन्याचा पांढरा हात द्यावा किंवा उन्हाळ्यात गवताचा पातळ थर पसरावा.

विषाणूंचा बंदोबस्त

संगत मोडावयाची तर दुसऱ्या सोबत्यासही आवर घालणे शहाणपणाचे ठरते. चामखीळ असलेले वासरू वेगळे बांधावे. त्याची दावी व कानास बिल्ला मारण्याचे हत्यार निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या वासरास वापरू नये. कोंबड्यांना ‘मॅरेक’ हा गाठींचा रोग विषाणूमुळेच होतो. त्यावरील लस १९७० च्या सुमारास प्रचारात आली आणि कर्करोगास रोखणारी ती पहिलीच लस ठरली. ही लस पिल्लू एक दिवसाचे असतानाच टोचली जाते. म्हणून पिल्ले विकत घेताना लस टोचली आहे किंवा नाही ह्याची विचारणा अवश्य करावी. धाप लागून खंगत जाणारी मेंढी कळपातून दूर करावी. जनावर दीर्घकाळ खंगत असेल, त्याला श्वासाचा त्रास असेल, पोट कारणाशिवाय फुगत असेल किंवा त्याचे शिंग हलू लागले असेल, तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. मृत जनावराची शवचिकित्सा आवश्यक वाटल्यास आपल्याच जिल्ह्यात शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दवाखान्यातील डॉक्टरांच्या सल्ल्याने तेथे नमुने पाठविता येतात.

विषाणू पुष्कळदा आपल्या नकळत येतो व त्याच्यावर आपला ताबा चालत नाही. तंतूचे तसे नाही. तो पत्र्यात बांधलेला असतो आणि आपणच करवत लावून त्यास मोकळा करतो. दोन शत्रूंपैकी एक ज्याच्या हाती आहे, त्याने तो सोडू नये. ह्या वर्षी मृगापूर्वी छपराला हात घालताना पाण्याची एक बादली शेजारी ठेवावी आणि गुरे व मुले वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस न्यावीत. एवढ्यानेही पुढील चाळीस वर्षांची पुष्कळ काळजी दूर होईल.